खताच्या पोत्यावर छापतात, कॅटॅलिटिकच्या खोक्यावर का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांच्या पुनर्नोंदणीवर आपल्या पानांत अधूनमधून पत्रं येतात. बहुतेक पत्रांत तक्रार फीची आणि चकरांची असते. 2022 मध्ये मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी पाच हजार झाली, ते सगळ्यांनाच बोचतं. पण जुन्या पेट्रोल गाडीवाल्याचं कंबरडं खरं मोडतं ते गाडीच्या पोटाखालच्या एका डब्यामुळे. इंजिनाचा धूर साफ करणाऱ्या त्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्यावं.

मी दारव्हा तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. गाडी 2010 ची, पेट्रोल, एमएच 29 पासिंगची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यात कंपनीचा दोष नाही. एवढी वर्षं आमच्या पांदण रस्त्यांवर आणि गतिरोधकांवर पोट घासत चालली, तिच्याकडून आणखी काय मागायचं? पासिंगच्या तोंडावर मात्र गाडी चढाला दम खाऊ लागली आणि खालून खुळखुळ आवाज यायला लागला. मेकॅनिकने गाडी वर घेतली, गंजलेले नट गॅसवर तापवून काढले आणि डबा वर्तमानपत्रावर (आपलंच होतं, राग नसावा) पालथा केला. आतून राखाडी-पिवळसर तुकडे पडले. तुकड्यांना सुईच्या अग्राएवढी चौकोनी भोकं, अगदी ओळीत. एका तुकड्याची एक बाजू मात्र काच वितळावी तशी गुळगुळीत झालेली, तिथली सगळी भोकं बुजलेली. एका सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल कमजोर झाली होती. तिथलं न जळलेलं पेट्रोल खाली येऊन डब्यातच जळत राहिलं आणि त्या आचेने आतली जाळी वितळली, असं त्याने दाखवून दिलं.

ही जाळी चिनी मातीच्या जातीची. एका चौरस इंचात साधारण चारशे भोकं आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा लेप. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळून टाकायचं काम मुख्यतः पहिल्या दोघांचं, नायट्रोजनची ऑक्साइडं मोडायचं काम रोडियमचं. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय डबा कामाला लागत नाही. आपल्याकडे 1995 च्या एप्रिलपासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. पेट्रोलमधलं शिसं या लेपाला विषासारखं, म्हणून 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकायचं ठरलं. हे सगळं मला आधी ठाऊक होतं असं नाही. खिशाला चाट बसायची वेळ आली की माणूस वाचतो.

तर माझ्यापुढे तीन वाटा होत्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा ओरिजिनल डबा 29 हजारांना, मजुरी आणि गॅस्केट वेगळे, वर थांबायचं, कारण माल मागवावा लागणार. दुसरी वाट बाजारातला आफ्टरमार्केट डबा, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, साडेसात हजारांना, पाइप कापून वेल्डिंग करून बसवायचा. तिसरी वाट मेकॅनिकने स्वतःच सुचवली. माणूस सज्जन आहे, माझं भलंच पाहत होता.

"भाऊ, काहाले एवढा पैसा घालता? आतली जाळी काढून टाकतो, वरून डबा तसाच दिसते. पाहा मंग गाडी कशी पळते."

"अन् पीयूसी?"

"पीयूसी निघते नं. आतापर्यंत कोनाची अडली?"

त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि तिथंच सगळी गोम आहे. माझी गाडी भारत स्टेज तीनची (स्टेज म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी मर्यादा, आकडा वाढेल तशी कडक). 2010 च्या एप्रिलमध्ये स्टेज चार लागू झालं ते आधी तेरा शहरांत. त्यांत मुंबई, पुणे होतीच, सोलापूरही होतं, पण विदर्भातलं एकही नव्हतं. त्यामुळे त्या सुमारास आमच्याकडे विकल्या गेलेल्या गाड्या बहुतेक स्टेज तीनच्याच. या गाड्यांना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, 750 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 750) चालतो. स्टेज चारला हेच आकडे 0.3 टक्के आणि 200. इंजिन धडधाकट असेल, इंजेक्शन नीट असेल, तर स्टेज तीनची गाडी डबा रिकामा असतानाही या मर्यादेत बसू शकते, कारण तपासणी गाडी जागच्या जागी उभी करून होते. आणि नायट्रोजनची ऑक्साइडं? ती पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मोजलीच जात नाहीत. म्हणजे ज्या कामासाठी डब्यात सगळ्यात महाग धातू घातलेला असतो, ते काम होतंय की नाही हे कोणीच पाहत नाही.

जाळी काढून टाकायला मी नकार दिला. दंडाची भीती हे एक कारण. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत गेला आहे. पण खरं सांगायचं तर आमच्या रस्त्यावर गाडीखाली वाकून कोण बघणार? दुसरं कारण मला जास्त पटलं. कोळशाच्या वीजकेंद्रांचा एवढा धूर निघतो, त्यात माझ्या एका गाडीचं काय, असं आमच्या कट्ट्यावर बोलतात. पण गाडीच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं आणि हायड्रोकार्बन यांवर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो ओझोन गहू आणि सोयाबीन या दोन्ही पिकांना बाधतो, उत्पादन घटवतो. उन्हाची तर विदर्भात ददात नाही. शेतकऱ्याला सोयाबीनची औषधं विकणाऱ्या माणसाने आपल्या गाडीचा डबा रिकामा करून फिरावं, हे माझ्या मनाला रुचलं नाही. एका गाडीने काही होत नाही हे कबूल. पण तालुक्यातल्या सगळ्याच जुन्या गाड्यांचे डबे रिकामे झाले तर?

आता उरल्या दोन वाटा, आणि पत्राचं कारण इथून सुरू होतं.

आफ्टरमार्केट डब्याचं खोकं मी मागवून पाहिलं. एकाच दुकानातलं नाही, यवतमाळ आणि अमरावती दोन्हीकडे पाहिलं. खोक्यावर गाडीचं नाव, एक चकचकीत चित्र आणि "उच्च दर्जा". आत धातू किती ग्रॅम? नाही. कोणत्या स्टेजच्या गाडीसाठी? एका खोक्यावर सगळ्याच स्टेज लिहिलेल्या. कुठल्या मानकाप्रमाणे तपासलं? नाही. बनवलं कधी? नाही. वॉरंटी विचारली तर दुकानदार म्हणाला, "एक वर्ष, भाऊ, माझ्यावर." लिहून दे म्हटलं तर हसला.

माझ्या धंद्यात असं करून पाहा! खताच्या पोत्यावर 10:26:26 असं घटकांचं प्रमाण छापलेलं नसेल तर ते पोतं मला विकता येत नाही, 1985 चा खत नियंत्रण आदेश आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर घटक किती टक्के, बॅच कोणती, मुदत कधीपर्यंत, हे नसेल तर माझा परवाना जाईल. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती आणि लॉट नंबर लागतोच. आमच्याकडे सरकारी मंजुरीशिवाय चोरून विकलं जाणारं कपाशीचं बियाणं चोर बीटी म्हणून ओळखलं जातं, आणि ते विकणाऱ्यांवर दर हंगामात धाडी पडतात. मग साडेसात हजारांच्या या डब्यात काय भरलंय हे न सांगता तो विकला जातो, ते कोणत्या हिशोबात बसतं? यात लपवायला जागाही मोठी आहे. छोट्या गाडीच्या डब्यात हे तिन्ही धातू मिळून काही ग्रॅमच असतात. 2021 मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. धातू कमी घातला तर डबा दिसायला तोच, बसायलाही तोच. पहिल्या दिवशी काम करतो, पण लवकर थकतो. गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही.

एकाला मात्र कळतं. माझा जुना डबा घ्यायला अमरावतीहून भंगारवाला आला. त्याने डब्यावरचा नंबर मोबाइलवर टाकून पाहिला, खालीवर केला, आणि तुटलेल्या, वितळलेल्या डब्याचे साडेतीन हजार द्यायला तयार झाला. गॅरेजच्या कोपऱ्यात कोणाचातरी आफ्टरमार्केट डबा पडला होता, त्यामानाने नवाच. तो दाखवला तर त्याने हातही लावला नाही. "हा लोखंडात टाका." माझ्या दृष्टीने दोन्ही डब्यांची ही सगळ्यात खरी तपासणी. आत काय आहे ते भंगारवाल्याला ठाऊक, गेल्या काही वर्षांत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर कापून नेणाऱ्या चोरांना ठाऊक, फक्त विकत घेणाऱ्याला ठाऊक नाही. वाचकांना एवढंच सांगेन, जुना डबा गॅरेजवर सोडून येऊ नका, घरी आणा.

दुकानदारांची आणखी एक युक्ती सांगतो. लोहचुंबक लावतात, तो चिकटला नाही की "पाहा, अस्सल स्टेनलेस" म्हणतात. सायलेन्सरला वापरलं जाणारं 409 जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. चुंबकाने फक्त बाहेरचा पत्रा कळतो, आतल्या लेपाचा काही पत्ता लागत नाही.

बाहेर काय करतात तेही पाहिलं. अमेरिकेत 1986 पासून धोरण आहे की बदली कन्व्हर्टर विकणाऱ्याने 25 हजार मैल, म्हणजे आपले चाळीस हजार किलोमीटर, तो काम करेल याची हमी द्यायची. कॅलिफोर्निया राज्यात तर मंजुरीचा क्रमांक डब्याच्या पत्र्यावरच कोरलेला लागतो. युरोपात बदली कन्व्हर्टरसाठी आर103 नावाचं वेगळं नियमन आहे आणि मंजुरीची खूण डब्यावर असते. म्हणजे तिथला गिऱ्हाईक स्वस्त डबा घेतो तेव्हा निदान काय घेतोय हे त्याला वाचता येतं. आफ्टरमार्केट म्हणजे बनावट, असं माझं म्हणणं अजिबात नाही. मोठ्या मोटार कंपन्यांना माल पुरवणारे कारखाने स्वतःच्या नावानेही सुटे भाग विकतात आणि ते चांगले असतात. आणि ओरिजिनलच्या खोक्यातही बनावट माल निघाल्याचं ऐकू येतं, म्हणून पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय तोही उचलू नये. मला भांडण स्वस्त मालाशी नाही, मुक्या खोक्याशी आहे.

माझ्या साडूंचं उदाहरण देतो, कारण त्यांची गोष्ट वेगळी निघाली. त्यांची गाडी 2015 ची, पुण्यात घेतलेली, स्टेज चारची. निवृत्तीनंतर गाडी घेऊन पुसदला आले. त्यांनी आफ्टरमार्केट डबा बसवला, सहा हजारांत काम झालं म्हणून मलाही फोन केला. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर पी0420, म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. 2013 च्या एप्रिलपासूनच्या स्टेज चारच्या गाड्यांत डब्याच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे ऑक्सिजन सेन्सर असतो आणि संगणक दोन्हींची तुलना करत बसतो. मागच्या सेन्सरला पुढच्यासारखीच चढउतार दिसली की तो ओळखतो, डबा झोपलेला आहे. मेकॅनिकने मागच्या सेन्सरखाली एक वाढीव नळकांडं लावून दिवा विझवून देतो म्हटलं. साडू नको म्हणाले, पण दिवा तसाच घेऊन फिरतात. माझ्या स्टेज तीनच्या गाडीत मागचा सेन्सरच नाही. म्हणजे तोच डबा मला बसवला असता तर मला कधी पत्ताही लागला नसता. जुन्या गाड्यांच्या मालकांना हा माल सर्रास खपवला जातो, त्याचं हेही एक कारण असावं.

मी शेवटी ओरिजिनल घेतला. गाडी विकायला काढली तर लाख-सव्वा लाखाच्या वर कोणी देणार नाही, तिला 29 हजारांचा डबा, म्हणून घरात दोन दिवस बोलणी खाल्ली. माझा हिशोब साधा होता. पुनर्नोंदणी पाच वर्षांची, गाडी ती पाच वर्षं वापरायची आहे, वर्षाला सहा हजारांच्या आत खर्च पडला. कंस, फ्लँज, सेन्सरची जागा सगळं जिथल्या तिथं बसलं, वेल्डिंगचा एक ठिपका नाही. ज्याला गाडी वर्ष-दोन वर्षांत मोडीत काढायची आहे, त्याला मी ओरिजिनल घ्या म्हणणार नाही. त्याने नावाच्या कंपनीचा, आपल्या गाडीच्या स्टेजसाठी बनवलेला डबा लेखी वॉरंटीसह घ्यावा. असा मिळत असेल तर.

पण कोणताही घ्या, आधी जुना का गेला ते शोधा. कॉइल, प्लग, गळणारा इंजेक्टर तसाच ठेवून नवा डबा बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल. गाडी ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसून तो निकामी करतो. रॉकेल मारलेल्या पेट्रोलनेही डब्याचं नुकसान होतं. बॅटरी बसली की चौघांनी धक्का देऊन गाडी सुरू करायची आपली रीत कन्व्हर्टरच्या गाडीला बरी नव्हे, कच्चं पेट्रोल थेट डब्यात जातं. आणि उन्हाळ्यात वावरात गाडी न्याल तर कुटाराच्या किंवा वाळल्या गवताच्या वर उभी करू नका. चालून आलेला डबा कित्येक शे अंश तापलेला असतो, गंजी पेटायला वेळ लागणार नाही. हल्ली सगळ्या बिघाडांचं खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडायची पद्धत पडली आहे. माझ्या गाडीत तरी कॉइल गुन्हेगार निघाली.

मागणी एकच आहे. बदली कन्व्हर्टर विकायचा तर त्याच्या खोक्यावर आणि पत्र्यावर, पुसून जाणार नाही अशा रीतीने, चार गोष्टी असाव्यात: तिन्ही धातूंचं वजन, कोणत्या स्टेजच्या कोणत्या गाडीसाठी आहे ते, कोणत्या मानकाप्रमाणे तपासला ते, आणि बनवणाऱ्याचं नाव महिना-वर्षासह. केंद्रीय मोटार वाहन नियम केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे विदर्भातल्या खासदारांनी हा विषय रस्ते वाहतूक मंत्रालयापुढे नेला तर बरं होईल. राज्याच्या परिवहन विभागालाही करण्यासारखं आहे. पुनर्नोंदणीच्या तपासणीत गाडी तशीही पाहतातच, तेव्हा डबा आहे का, त्यावर काही क्रमांक आहे का, तो पोकळ तर वाजत नाही ना, एवढं पाहायला नवं यंत्र लागत नाही.

आपल्या वाचकांपैकी कोणाला बाजारात असं खोकं दिसलं असेल, ज्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम किती ग्रॅम ते छापलेलं आहे, तर त्यांनी त्याचा फोटो आपल्या दैनिकाकडे जरूर पाठवावा. साडूंना तोच घ्यायला सांगतो.

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ